उपासनेत डोक्यावर पदर, की केसच पुरेसे?

उपासनेच्या वेळी डोक्यावर पदर घ्यावा की नाही, हे ठरवू पाहणारी ख्रिस्ती स्त्री बहुधा येशूचा प्रेषित पौल याने इ. स. 55 च्या सुमारास ग्रीसमधील करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधील पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायापाशी येऊन अडते. कारण प्रार्थना करणाऱ्या वा संदेश देणाऱ्या स्त्रीचे उघडे मस्तक तो 5 व्या वचनात अनुचित ठरवतो, आणि 15 व्या वचनात मात्र तिचे केस तिला आच्छादनासाठीच दिले आहेत, असे म्हणतो.

‘केसच आच्छादन’ हा अर्थ सोयीचा आहे, पण नवा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस सीरियातील अंत्युखियात प्रवचने देणाऱ्या धर्मगुरू योहान ख्रिसोस्टोमने हीच शंका स्वतः उपस्थित केली आणि निसर्गाबरोबर स्त्रीने आपल्या इच्छेनेही अधीनता मान्य करावी, म्हणून वेगळे आच्छादन हवे, असे उत्तर दिले. हे कारण आज अनेकींना पटणार नाही, मलाही पटत नाही. तरी 15 व्या वचनाचा आधार घेणारीने आपण पत्राच्या शब्दांवर उभ्या आहोत, प्राचीन धर्मगुरूंच्या मतावर नव्हे, हे ओळखावे.

आच्छादन कोणी आणि किती घ्यावे, याविषयी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन सर्वांत कठोर आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेथील काही कुमारिका उघड्या मस्तकाने उपासनेला येत, तेव्हा ‘स्त्री’ या शब्दात कुमारिकाही येते आणि खुद्द करिंथमध्ये कुमारिका मस्तक झाकतात, असे त्याने बजावले; कानांपर्यंतही न पोहोचणाऱ्या टोपीवजा कापडावर तर त्याने तोंडसुख घेतले. डोक्यावर नुसता रुमाल टाकणे त्याला चालले नसते. त्याचा समकालीन, इजिप्तमधील अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमंट, हाही आच्छादनाचाच पुरस्कर्ता, पण त्याचा अधिक मार्मिक रोख गंगावनावर आहे: मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे धर्मसेवकाने, आशीर्वादासाठी डोक्यावर हात ठेवला, तर आशीर्वाद कोणाला मिळाला, तिला की त्या परक्या केसांच्या मालकिणीला?

केस कापण्याबाबत मात्र थेट विसंगती दिसते. आशिया मायनरमधील गांग्रा येथील चौथ्या शतकातील धर्मसभेने वैराग्याच्या नावाखाली केस कापणाऱ्या स्त्रीला बहिष्कृत ठरवले, तर इजिप्त आणि सीरियातील मठांत कुमारिका व विधवा केस कापून घेतात, असे प्राचीन ख्रिस्ती विद्वान जेरोम निंदा न करता सांगतो. आणि केस गेल्यावरही त्या स्त्रिया प्रेषित पौलाची आज्ञा मोडून उघड्या डोक्याने वावरत नाहीत, घट्ट टोपी आणि ओढणी घेतात, हेही तो नोंदवतो.