गुलमर्गसाठी बेळगावातून जमवलेली कवचं

मी टिळकवाडीत फिजिओथेरपी करते. एकेचाळिसाव्या वर्षी, गेल्या फेब्रुवारीत, आठवडाभर गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला गेले. त्याआधी दोन महिने अंगावर काय घालायचं याचाच शोध घेत होते, कारण माझा हात मोडला तर माझं कामच थांबतं.

पहिल्यांदा बाइकवाल्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "घ्या की ताई, हे घालून पोरं चोर्ला घाटात जातात." जॅकेट उत्तम होतं, पण डांबरावर घासत गेलं तरी फाटू नये म्हणून शिवलेलं. जड, खांदे-कोपरं भक्कम, आणि कमरेखाली काहीच नाही. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, तोल गेला तर पाऊल टाकून सावरता येत नाही. टाचेकडची कड बर्फात रुतली की माणूस थेट मागे माकडहाडावर बसतो, बोटांकडची रुतली की पुढे गुडघ्यांवर आणि तळहातांवर. म्हणून जॅकेट दुकानातच ठेवलं आणि मनगटापासून सुरुवात केली.

आपल्याकडे स्केटिंग करणारी मुलं पुष्कळ, त्यामुळे मनगटाचे गार्ड ४५० रुपयांत लगेच मिळाले. घरी घालून बघितले आणि दुसऱ्या दिवशी परत केले. त्यांच्या तळव्याखाली फरशीवर घसरायला टणक प्लास्टिकचा उंचवटा असतो, तो हातमोज्यात मावत नाही. शिवाय आतली पट्टी आखूड होती. पडताना तळहात टेकला की मनगट मागे वळतं आणि रेडियसचं, म्हणजे कोपर ते मनगटातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं, टोक मोडतं. पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर घसरलेले असे हात मी दरवर्षी बघते. गार्डने मनगट फार मागे वळू द्यायचं नाही आणि धक्का वर कोपराकडे पसरवायचा. आखूड, ताठ पट्टी जिथे संपते तिथे सगळा भार हाडावर येतो, असं माझं मत. शेवटी आयएसओ २०३२० लिहिलेले, लांब आणि थोडे लवचिक पट्टीचे गार्ड १,९०० रुपयांना ऑनलाइन मागवले. हे मानक स्नोबोर्डच्या मनगट-गार्डसाठीच आहे. गार्ड चढवून मूठ वळते का ते आधी बघा, आणि हातमोजे गार्डवरूनच मापून घ्या. मला एक माप मोठे लागले.

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही हातांवर जोरात आपटले. रात्री थोडी सूज होती, सकाळी पुन्हा उतारावर होते. खोट एकच: बर्फ शिरला की वेल्क्रो सुटतो. दर दोन फेऱ्यांनी झटकून परत आवळावा लागला.

पॅडवाल्या चड्डीवर २,८०० रुपये गेले, आणि सगळ्या खरेदीत मला तीच सर्वांत मोलाची वाटते. घेताना माकडहाडावरचं पॅड उभं राहून बघू नका. उकिडवं बसा. माझ्या पहिल्या चड्डीत बसल्याबरोबर पॅड चार बोटं वर सरकलं. बदलून यायला १८ दिवस गेले, म्हणून निघायच्या आठवड्यात मागवू नका.

पाठीसाठी बिनबाह्यांचं जाकीट घेतलं, ईएन (युरोपीय मानक) १६२१-२ लेव्हल १. ही बाइकस्वारांच्या पाठीच्या पॅडची चाचणी आहे: पॅडमधून पलीकडे जाणारा धक्का लेव्हल १ मध्ये सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये फक्त ९ पर्यंत. लेव्हल २ चं पॅड माझ्या हाती आलं ते इतकं जाड की वाकून बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला बांधणारे पट्टे, लावणं जमेना. मऊ पॅड आपल्या हवेत सगळेच छान वाटतात, थंडीत काही लाकडासारखे होतात. मी दोन्ही पॅड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी एक वाकलं, एक वाकलंच नाही. वाकलेलं ठेवलं. हेल्मेट मात्र बाइकचं नेऊ नका, ईएन १०७७ लिहिलेलं बर्फाचंच घ्या.

परत आल्यावर पॅड काढून कापड हाताने धुवा. इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये ते चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं, म्हणून मी पावसाआधीच धुऊन, सुकवून कपाटात ठेवलं.