राउटरचा मिनी यूपीएस: उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

पुण्यात गुरुवारी लाइट जाणार हे आपण धरूनच चालतो. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, नेट मात्र पहिल्याच क्षणी गुल. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटरला वीज पुरवणारा बॅटरीचा छोटा डबा, घेतला. आता पावसाळाही सरलाय, तेव्हा ठामपणे लिहायला हरकत नाही.

काम चोख. लाइट गेली तरी राउटर पापणी लववत नाही, मीटिंग तुटत नाही. घरात इन्व्हर्टर असलेल्यांनाही हा उपयोगी आहे. इन्व्हर्टर बॅटरीवर येताना जो निमिषभर खंड पडतो, तेवढ्यात काही राउटर बंद पडतात आणि पुन्हा सुरू व्हायला निवांत वेळ घेतात.

घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: व्होल्ट किती, अँपिअर किती. व्होल्ट तंतोतंत जुळायलाच हवेत. यूपीएसचे अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. पिनही नीट बसते का बघा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना यूपीएसवर घ्यावं लागतं, नाहीतर वाय-फायचे दांडे पूर्ण आणि नेट शून्य. आमच्याकडे दोन्ही आहेत, त्यामुळे बॅकअप खोक्यावर छापलाय त्यापेक्षा बराच कमी मिळतो. यूपीएस चार्ज होताना कोमट होतो, म्हणून टीव्हीमागच्या वायरींच्या गुंत्यातून काढून मोकळ्यावर ठेवलाय. निळा दिवा रात्री डोळ्यांवर येतो, त्यावर चिकटपट्टी.

हा गुंता सोडवताना आणखी दोन दुखणी बरी झाली. पीसीवर लॅन केबलने १०० एमबीपीएसच्या वर वेग जातच नव्हता. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. आमची एक तार टोकाशी सुटली होती. टोकाला नवी क्लिप दाबून बसवून (क्रिंप करून) घेतली, काम झालं.

दुसरं, अडखळणारा वायरलेस माउस. त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून होता. यूएसबी ३ चा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात शिरतो, इंटेलनेच २०१२ मध्ये हे मांडलंय. माउसही त्याच पट्ट्यावर. वीतभर यूएसबी एक्स्टेंशन लावून रिसीव्हर टेबलावर आणला. नवा माउस घ्यायचा बेत रद्द.

यूपीएसला पाचपैकी चार. एक गुण बॅकअपच्या छापील थापेचा कापला.