लसणाच्या नावाखाली कांद्याचं बी विकतायत, मागवण्याआधी हे वाचा

लसूण लावायचे दिवस आलेत आणि मोबाइलवर परत त्याच जाहिराती यायला लागल्यात, "हायब्रीड जंबो गार्लिक सीड्स, ९०% जर्मिनेशन, कुंडीत उगवा" वगैरे. २०२४ मध्ये माझी या प्रकारात सरळ सरळ फसवणूक झालीय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, पैसे थोडेच गेले पण अख्खा हंगाम गेला त्याचा राग जास्त आहे.

त्या वर्षी लसूण किती महाग झाला होता आठवत असेल, नोव्हेंबरमध्ये किरकोळ बाजारात ४०० रुपये किलोच्या घरात गेला होता. घरामागे थोडी जागा आहे, मेथी कोथिंबीर मिरच्या लावतोच, सासूबाई म्हणाल्या चार वाफे लसणाचे करू, निदान पात तरी घरची होईल. ऑनलाइन शोधलं तर पहिल्याच पानावर हे पाकीट, वर पांढऱ्याशुभ्र मोठ्या गड्ड्यांचा फोटो, चार स्टारच्या वर रेटिंग, १४९ रुपये. मागवलं. आत काय तर चिमूटभर काळ्या, सुरकुतलेल्या, त्रिकोणी कडांच्या बिया. सोबत इंग्रजीत छापलेला कागद, ट्रेमध्ये पेरा, रोज पाणी शिंपडा, ऊन द्या. जातीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, पॅकिंगची तारीख नाही, पत्त्याच्या जागी फक्त शहराचं नाव.

पेरलं तसं उगवलं, आणि इथेच ही मंडळी हुशार आहेत. काहीच उगवलं नसतं तर लगेच तक्रार केली असती ना. हिरवे बारीक दोरे वर आले, मधेच वाकून लूपसारखे, टोक अजून मातीत. छान वाटलं. थोडी मोठी झाल्यावर वाफ्यात लावली, पाणी, शेणखत सगळं वेळेवर. मग एकदा शेजारचे काका आले, ते मूळचे जुन्नरकडचे, घरची कांदा-लसणाची शेती. वाफ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, कांदा कशाला लावलाय एवढा?" मी म्हटलं काका लसूण आहे तो. त्यांनी एक पात तोडली आणि दोन बोटांत दाबून दाखवली, आतून पोकळ, नळीसारखी गोल. म्हणाले लसणाची पात चपटी असते, मधे घडी पडल्यासारखी, आणि चुरगळली की वास लपत नाही. मग घरात पात म्हणून आणलेली लसणाची जुडी होती ती शेजारी धरून बघितली, फरक लहान पोरालाही कळला असता.

काका नंतर बराच वेळ बसले होते आणि त्यांनी जे सांगितलं ते खरं तर प्रत्येकाला माहीत हवं. लसूण बियांपासून लावतच नाहीत. आपल्याकडच्या लसणाला कांद्यासारखा गोंडा येऊन बी धरत नाही, गड्डा फोडायचा आणि पाकळ्याच लावायच्या, पिढ्यानपिढ्या हेच. संशोधकांनी प्रयोगशाळेत खटपट करून लसणाचं बी मिळवलंय, पण ते १४९ रुपयांच्या पाकिटात येत नाही. म्हणजे काळी बी दाखवून कुणी लसूण म्हणालं की विषय संपला, ती कांद्याची असते किंवा फार तर गार्लिक चाइव्ह्जची, चाइव्ह्जची पात चपटी असते, लसणासारखा वासही येतो, पण खाली गड्डा धरत नाही.

सेलरला मेसेज केला तर उत्तर, "मॅडम जर्मिनेशन झालंय ना, मग प्रॉडक्ट ओके आहे." रिटर्नची मुदत ७ दिवस, आणि कांद्याचं बी वर यायलाच आठ-दहा दिवस जातात, म्हणजे माणसाला काही कळायच्या आत मुदत संपलेली असते. रिव्ह्यू परत नीट वाचले, सगळे "फास्ट डिलिव्हरी, पॅकिंग मस्त" असलेच, उपटलेल्या लसणाचा फोटो एकाचाही नाही. आणि आपल्याकडे लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरची, लसूण तयार व्हायला चार महिने थंडी-ऊन लागतं, मला कळलं तोवर डिसेंबर अर्धा संपला होता.

आता लावायचं कुठून. बाजारातला दिसायला सुंदर, मोठ्या पाकळ्यांचा लसूण बघून लगेच घेऊ नका, कारण हिमाचल-काश्मीरकडच्या जातींना गड्डा धरायला मोठा दिवस, म्हणजे जास्त तास उजेड, लागतो, आपल्याकडे हिवाळ्यात दिवस अकरा तासांच्या आसपास, तिथला लसूण इथे नुसती पात वाढवत बसतो. ऍग्रीफाउंड पार्वती ही चांगली जात आहे पण ती थंड डोंगराळ भागासाठीची, पुण्यात कुणी जंबो म्हणून गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. चायनीज लसणावर तर २०१४ पासून आपल्याकडे बंदी आहे तरी चोरून येतोच. आपल्या हवेत चालणाऱ्या जाती म्हणजे राहुरी कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार, भीमा पर्पल. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून मार्च-एप्रिलला काढलेला, पातीसकट जुडी बांधून टांगलेला लसूण घ्या. विचारायचं एकच, कुठे पिकला आणि कधी काढला. नुकताच काढलेला असेल तर तो झोपेत असतो, लगेच फुटत नाही. गड्डा हातात घट्ट लागला पाहिजे, पोचट नको, बुरशीची काळी पूड नको. बाहेरच्या जाड पाकळ्या लावायला, आतल्या बारीक फोडणीला. साल काढायची नाही, टोक वर, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर.

माझे पैसे शेवटी परत मिळाले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकल्यावर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो, हे मला तेव्हाच कळलं, तुम्ही आधीच सांगा त्यांना. पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि सेलरशी झालेलं चॅट जपून ठेवा, मला तेच कामाला आलं. तो सेलर गायब झालाय पण तोच गड्ड्यांचा फोटो या वर्षी दुसऱ्या नावाने परत आलाय, भाव १९९ झालाय. कुणाकडे असलं पाकीट ऑलरेडी आलं असेल तर फोडू नका, पेरू तर नकाच, ७ दिवस व्हायच्या आत "चुकीचं प्रॉडक्ट" असं कारण टाकून रिटर्न लावा.