प्रभातच्या मागावर: कोल्हापूर की पुणे?

बेळगावकराला जुन्या मराठी सिनेमाची ठिकाणं बघायची तर कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत. सकाळची एसटी धरली की रात्री जेवायला घरी. पुण्याला मुक्काम हवा.

दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी 1929 साली प्रभात ही सिनेमा कंपनी काढली ती कोल्हापुरातच. त्याआधी यातले पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ त्याच कंपनीची आठवण. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ गांधीहत्येनंतर 1948 च्या जाळपोळीत खाक झाला, भालजींनी तो पुन्हा उभा केला. मात्र आधीच सांगतो, डोळ्यांनी बघण्यासारखं थोडंच. हा इतिहास ठाऊक नसेल तर रहदारीत स्तंभाकडे लक्षही जाणार नाही.

1933 मध्ये प्रभात पुण्याला हलली; ‘संत तुकाराम’ तिथलाच. 1960 पासून त्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, म्हणून तिथं जुना स्टुडिओ टिकलाय. आत जाण्याची परवानगी आधी विचारून ठेवा.

माझं मत कोल्हापूरला, आणि त्यात तांबड्या-पांढऱ्याचा वाटा आहेच! पोरांना सिनेमा शिकायची हौस असेल तर मात्र सरळ पुणं गाठा.