गरम इंजिनावरही ठिणगी देणारा लुकास मॅग्डायनो

माझ्या बीएसए एम २० या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलवरचा लुकास मॅग्डायनो, म्हणजे इंजिनाला ठिणगी आणि दिव्यांना वीज पुरवणारे जोडयंत्र, मी पूर्ण उकलून नव्याने बांधून घेतला, आणि त्यानंतर एक अख्खा हंगाम गाडी चालवून हे परीक्षण लिहीत आहे. या यंत्राला नावे ठेवणारे बरेच भेटतात. ते काढून टाका आणि बॅटरीवर ठिणगी देणारी कॉइल बसवा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. तो सल्ला मला पटत नाही. मॅग्डायनोच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आर्मेचरच्या (चुंबकात फिरणाऱ्या, तारेची वेटोळी असलेल्या गाभ्याच्या) पोटात दडलेल्या एका लहानशा कंडेन्सरमध्ये (वीज क्षणभर साठवणाऱ्या भागात) असते, आणि तेवढ्यासाठी सबंध यंत्र अडगळीत टाकणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मॅग्डायनो म्हणजे एका सांगाड्यावर बसवलेली दोन यंत्रे. खाली ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर पोलादी पट्ट्याने आवळलेला, बॅटरी चार्ज करणारा डायनमो. मॅग्नेटोच्या दांड्यावरचे फायबरचे मोठे दातेरी चाक डायनमोच्या लहान पोलादी चाकाला फिरवते. त्या मोठ्या चाकात घसरता क्लच बसवलेला असल्यामुळे डायनमो अचानक जाम झाला तरी चाकाचे दाते वाचतात. ही योजना मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते. मॅग्नेटो स्वतःच्या चुंबकावर वीज निर्माण करतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरलेली असली, किंवा मुळात नसलीच, तरी इंजिन सुरू होते. बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च विद्युतदाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तेव्हापासून या उपकरणाचे खरे सामर्थ्य हेच राहिले आहे.

माझ्या गाडीचे दुखणे नमुनेदार होते. थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू व्हायचे. पण वीसेक मिनिटे चालवून गाडी थांबवली, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घ्यायची नाही. अर्धा तास थंड होऊ दिली की जणू काही घडलेच नव्हते. एका संध्याकाळी अंधारात पॉइंटवरचे (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या संपर्कांवरचे) झाकण काढून इंजिन चालू ठेवले, तेव्हा पॉइंटच्या फटीत पांढरट-निळी ठिणगी सतत चमकताना दिसली, आणि निदान तिथेच झाले. पॉइंट उघडताना प्राथमिक वाइंडिंगमध्ये (आर्मेचरवरच्या जाड तारेच्या वेटोळ्यात) उसळणारी वीज कंडेन्सरने सामावून घ्यायची असते. तो गळका झाला की ती वीज पॉइंटच्या फटीत जळून वाया जाते, चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळत नाही आणि प्लगपर्यंत पोहोचणारी ठिणगी दुबळी पडते. उष्णतेने ही गळती वाढते. त्यातच जुन्या वाइंडिंगवरचे शेलॅक (लाखेचे रोगण) गरम होऊन पाझरले, तर आर्मेचर बाहेर घासू लागते आणि यंत्र कायमचे बसते.

दुरुस्तीचा पहिला अनुभव क्लेशदायक होता. ज्यांच्याकडे यंत्र सोपवले, त्यांनी सुरक्षा-फटीचा (जादा विद्युतदाब वळवणाऱ्या फटीचा) स्क्रू न काढताच आर्मेचर ओढून बाहेर काढले, आणि आर्मेचरमधली वीज बाहेर देणाऱ्या स्लिप रिंगच्या कडेचा टवका उडाला. आर्मेचर काढण्यापूर्वी हा स्क्रू, स्लिप रिंगवरून वीज घेणारा उच्च दाबाचा पिकअप आणि अर्थिंगचा ब्रश हे तिन्ही काढलेच पाहिजेत, हा या कामाचा पहिला धडा आहे. तो ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या हाती मॅग्नेटो देऊ नये. दुसऱ्या कारागिराने मात्र मन लावून काम केले. नवी स्लिप रिंग, शेलॅकऐवजी आधुनिक रेझिनमध्ये पक्के केलेले वाइंडिंग, नवे बेअरिंग आणि त्यांच्या बाहेरच्या कड्यांमागचे कागदी इन्सुलेशन, चुंबकाचे पुनर्चुंबकन, आणि उष्णता सोसणारा नवा कंडेन्सर, एवढे सगळे त्यात आले. काम परत देण्यापूर्वी त्याने यंत्र गरम अवस्थेत बाकावर कित्येक तास फिरवून दाखवले. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण थंड मॅग्नेटोची चाचणी काहीच सिद्ध करीत नाही.

परिणामाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. भर उन्हात, इंजिन चटका देण्याइतके तापलेले असताना, ठिणगीची वेळ थोडी मागे घेऊन सावकाश किक मारली तरी गाडी उठते. पॉइंटची फट ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवली आहे आणि अजून तिला हात लावावा लागलेला नाही. देखभाल म्हणाल तर पिकअप काढून त्याच्या छिद्रातून पेन्सिलीला गुंडाळलेले मऊ, किंचित पेट्रोल लावलेले फडके स्लिप रिंगवर टेकवायचे आणि इंजिन हाताने फिरवायचे. कार्बनची काळी पूड फडक्यावर उतरलेली दिसते.

डायनमोविषयी मात्र इतक्या उत्साहाने लिहिता येत नाही. तो सहा व्होल्टचा आहे, आणि तीस वॉटचा हेडलाइटचा बल्ब एकटाच पाच अँपिअर ओढतो. त्यामुळे दिवा लावून मंद गतीने जाताना ॲमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो, म्हणजे बॅटरी रिकामी होत जाते, वेग वाढवला की कटआउट (डायनमो बॅटरीशी जोडणारा स्विच) जोडला जातो आणि काटा सावरतो. चार्जिंग आटोक्यात ठेवणाऱ्या यांत्रिक रेग्युलेटरच्या जागी मूळ पेटीत मावणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवल्यावर चार्जिंग स्थिर झाले, बॅटरीतले पाणी आटणेही थांबले. त्याच डायनमोवर बारा व्होल्ट घेण्याची सोयही त्यात आहे. पण मग चार्जिंग सुरू व्हायला इंजिनाचा वेग अधिक लागतो, आणि एम २० सारख्या संथ चालीच्या गाडीला ते मानवणार नाही, म्हणून मी सहा व्होल्टच कायम ठेवले. रात्रीच्या लांब प्रवासासाठी मी ही गाडी काढत नाही. दिवसाच्या प्रवासाला निघताना मात्र सुटा मॅग्नेटो सोबत बाळगण्याची माझी जुनी सवय आता सुटली आहे.