‘पीसीबी गेलाय, साहेब’

पहिल्याच फोनवर त्या माणसाने मला विचारलं होतं, “मशीन कोणत्या कंपनीचं आहे, साहेब?” मी नाव सांगितलं. “हो हो, त्यांचंच सर्व्हिस सेंटर आहे हे,” तो म्हणाला, आणि मी पत्ता देऊन मोकळा झालो. ज्या कंपनीच्या कस्टमर केअरला आपण फोन लावलाय असं समजतोय, तिलाच मशीन कोणत्या कंपनीचं ते विचारावं लागतंय, हे खटकायला मला दीड महिना लागला. तोवर नव्या वॉशिंग मशीनच्या निम्म्या किमतीएवढे पैसे गेले होते.

झालं होतं एवढंच. आमचं फ्रंट लोड मशीन धुणं अर्धवट टाकून थांबलं. काचेतून पाणी दिसतंय, कपडे बुडालेत, दार उघडत नाही आणि पॅनेलवर एक कोड लुकलुकतोय. हा कोड कंपनीगणिक वेगळा असतो. एलजीवर ओई, सॅमसंगवर ५सी, बॉशवर ई१८. अर्थ एकच, पाणी बाहेर जात नाहीये. माझं मशीन यातलं की आणखी कुठलं, ते जाऊ द्या. कोडचा अर्थ मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर छापलेला होता आणि मॅन्युअल कपाटाच्या तळाशी होतं. मी मात्र मोबाइल काढला, कंपनीचं नाव आणि पुढे ‘सर्व्हिस सेंटर’ असं टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असं लिहिलेलं असतं. ते मी नंतर पाहिलं. लोगो तोच, रंग तेच, नंबर मात्र भलत्याचाच. खरा नंबर मशीनच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलवर होता, माझ्यापासून चार पावलांवर.

एका गोष्टीत मात्र वाचलो. ‘तक्रार नोंदवायला’ म्हणून त्याने एक ॲप टाकायला सांगितलं होतं, ज्यातून आपल्या मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दिसते. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून ते राहिलं. हुशारी वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. तिशीचा, बोलायला गोड, कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट. आधी टॉर्च मागितला, मग बादली, मग जुनं फडकं. दर वेळी मी आत जाऊन घेऊन आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा पाणी बादलीत होतं, दार उघडं होतं आणि तो हात पुसत उभा होता. मला कौतुकच वाटलं. त्याने काय केलं ते आता माझ्या मुलीलाही येतं. मशीनच्या खालच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, आत बोटाएवढी रबरी नळी आणि शेजारी फिरवून काढायचा फिल्टर. मशीनचा प्लग काढायचा, पाणी गरम असेल तर निवू द्यायचं, नळीचं बूच काढून पाणी पसरट भांड्यात घ्यायचं आणि मगच फिल्टर सोडायचा. आधीच फिल्टर सोडला तर खोलीत तळं होतं. बहुतेक वेळा नाणं, केसांची पिन, गुंतवळ, टिश्यू पेपरचा लगदा असं काहीतरी तिथे अडकलेलं असतं आणि ‘बिघाड’ तिथेच संपतो. माझ्या फिल्टरमध्ये त्या दिवशी काय निघालं ते मला कधीच कळलं नाही, कारण तेव्हा मी फडकं शोधत होतो.

मग त्याने मागचे दोन स्क्रू काढून वरचं झाकण सरकवलं आणि मला बोलावलं. “हे बघा, पीसीबी गेलाय, साहेब. पाणी शिरलंय.” पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. मी वाकून पाहिलं. हिरव्या बोर्डावर खरंच काहीतरी पारदर्शक, चिकट, फुगल्यासारखं पसरलं होतं. एका कोपऱ्यात तर पिवळट बुडबुडाही होता. ओलाव्याने सडलेला बोर्ड असाच दिसत असणार, असं माझ्या बुद्धीने ठरवून टाकलं. ते कारखान्यातच ओतलेलं रेझिन होतं. पाणी शिरू नये म्हणूनच वॉशिंग मशीनच्या अनेक बोर्डांवर हा थर दिलेला असतो. म्हणजे जे संरक्षण, तेच मला रोग म्हणून दाखवलं गेलं. जळालेला बोर्ड दिसतो वेगळा: काळा डाग, तडकलेला भाग, फुगलेला कपॅसिटर, करपट वास. कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि तरी बोर्ड गेलेला असतो, हेही खरं. पण मग ते वीज तपासायचा मीटर लावूनच ठरवावं लागतं. त्याच्या बॅगेतून मीटर बाहेर आलाच नाही.

भावाला पाठवायला म्हणून मी त्या उघड्या मशीनचा एक फोटो काढला. ‘बघ, सर्किट बुडालं’ असं लिहून. दीड महिन्यात मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम, आणि तेही गंमत म्हणून.

त्याने बोर्ड काढून पिशवीत घातला. “जुना द्यावा लागतो, त्याशिवाय कंपनी नवा देत नाही.” बहुतेक रक्कम आधीच घेतली. पावतीवर ‘पीसीबी बदली’ एवढेच दोन शब्द. मशीनचा मॉडेल नंबर नाही, सीरियल नंबर नाही, पार्टचा नंबर नाही, वॉरंटी तोंडी. काही दुरुस्त्यांमध्ये जुना पार्ट खरंच जमा करून घेतात. पण तेव्हा तो नंबरासकट पावतीवर लिहून घेतात, आणि नवा हातात पडण्याआधी जुना घराबाहेर जात नाही.

चार दिवसांनी ‘नवा’ बोर्ड आला. खोका नाही, सील नाही, फोमच्या कागदात गुंडाळलेला. रेझिनच्या खाचांत वाळलेली साबणाची पावडर होती. नव्या बोर्डात साबण कुठून येणार? मी पाहिलं आणि काही बोललो नाही. माणूस समोर काम करत असताना संशय दाखवणं आपल्याला असभ्य वाटतं. या लोकांचा धंदा त्या संकोचावर चालतो.

मशीन सुरू झालं. पाणी भरलं, कपडे धुतले, पाणी गेलं. सोळा दिवस.

सतराव्या दिवशी तोच कोड, तेच पाणी, तेच बंद दार. तो पुन्हा आला. या वेळी ड्रम हाताने गरकन फिरवून म्हणाला, “ऐका, खडखड. बेअरिंग गेलंय, त्याचा लोड मोटरवर, मोटरचा पीसीबीवर. मशीन वर्कशॉपला न्यावं लागेल.” मी मान डोलावत होतो. बायको दारातून म्हणाली, “मशीन घराबाहेर जाणार नाही. जे करायचं ते इथे माझ्यासमोर.” त्यावर त्याने मशीनचा नाद सोडला, पण बेअरिंगचा सेट आणायचा म्हणून आगाऊ पैसे मात्र नेले, आणि ते तिच्या नकळत मीच दिले. त्यानंतर त्याचा फोन आधी ‘व्यस्त’, मग ‘बंद’.

शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने एक वयस्कर मेकॅनिक आले. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायला लागलो. त्यांनी आधी मॅन्युअल मागितलं, मग दार उघडून कडेच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर वहीत लिहून घेतला, शेवटच्या तिरप्या रेघेनंतरच्या अक्षरांसकट. मी बेअरिंगचं रडगाणं सुरू केलं. ते म्हणाले, “या, हात घाला.” ड्रमची आतली वरची कड धरून वर-खाली हलवायला लावली. आतला ड्रम बाहेरच्या टबपासून सुटा असा खालीवर हलला, हाताला ठक जाणवली, तर बेअरिंग किंवा ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर संशयित. ड्रम आणि टब दोन्ही मिळून स्प्रिंगांवर डुलले तर ते नेहमीचंच. बेअरिंग गेलं असेल तर हाताने सावकाश फिरवताना दगड घासल्यासारखी घरघर यायला हवी. पाठीमागे गंजाचे ओघळ दिसले तर बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारं ऑइल सील गळतंय आणि बेअरिंग त्याच वाटेवर आहे. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. खडखड होती ती वेगळी आणि खालून येत होती.

बेअरिंगचा विषय निघालाच म्हणून त्यांनी एक गंमत सांगितली. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६२०५. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर त्यांना ५ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास निघतो: २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३०. बाहेरचा व्यास पहिल्याचा ५२, दुसऱ्याचा ६२. ही मापं जगभर सारखी, त्यामुळे बेअरिंग ‘फक्त आमच्याकडेच मिळतं’ असं कुणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवावं. ऑइल सील मात्र मशीनच्या मॉडेलप्रमाणेच घ्यावं लागतं. आणि काही मशीनचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो. तिथे नुसतं बेअरिंग बदलणं सोपं नसतं, बरेचदा अख्खा टब बदलावा लागतो. म्हणून ‘बेअरिंग बदलतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, टब उघडतो का?

मग त्यांनी प्लग काढला, मशीन मागे कलतं केलं आणि टबाखालून पंपाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीची क्लॅम्प सोडली. आतून मुलीचा एक छोटा मोजा निघाला, काळपट, बुळबुळीत. त्याच्यामागोमाग केसांची पिन. ड्रम ठासून भरला की दाराचं रबर आणि ड्रमची कड यांच्या फटीतून लहान कपडे टबात उतरतात आणि तिथून या नळीत. मोजा कधी बाजूला सरकायचा, कधी तोंड बंद करायचा. सोळा दिवस मशीन चाललं ते मोज्याच्या मर्जीने. बोर्डाचा काही संबंध नव्हता.

“पीसीबी गेला होता की नाही हे त्याने कसं ठरवलं?” काकांनी विचारलं. मी म्हटलं, “बघून.” ते हसले नाहीत. पाणी सोडायच्या वेळी पंपाच्या तारांवर वीज पोहोचतेय का, एवढंच बघायचं असतं. पोहोचत असूनही पंप फिरत नसेल तर पंप गेलाय किंवा काहीतरी अडकलंय. पंप फिरतोय आणि पाणी हलत नाही तर वाट बंद आहे किंवा पातं तुटलंय. वीजच येत नसेल तर वायर किंवा बोर्ड. चालू मशीनमध्ये ही तपासणी आपण करायची नाही, पण करणाऱ्याच्या हातात मीटर आहे की नाही ते पाहायला काय हरकत आहे?

भावाला पाठवलेला फोटो तेव्हा कामी आला. मोठा करून पाहिला तर जुन्या बोर्डाच्या लेबलवरचे शेवटचे चार आकडे वाचता येत होते. आत बसवलेल्या बोर्डावरचे जुळत नव्हते. तो दुसऱ्याच, कपडे पिळताना ड्रम कमी वेगाने फिरवणाऱ्या मॉडेलचा. मशीनच्या पॅनेलवर मिनिटाला १२०० फेऱ्या निवडल्या तरी कपडे आताशा जास्त ओले का निघतात, याचं उत्तर मिळालं. मग मी स्टिकरवरच्या खऱ्या नंबरला फोन केला. माझ्या नावाने तक्रारीची नोंदच नव्हती. मोटरवर वेगळी, जास्त वर्षांची वॉरंटी अजून शिल्लक होती, जशी बऱ्याच कंपन्या देतात; पण बाहेरच्या माणसाने मशीन उघडलंय म्हटल्यावर पलीकडचा आवाज सावध झाला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पंपाचं पातंही तुटलं होतं, पंप नवा लागणार होता, आणि एवढं शिकल्यावर मी म्हटलं, हा मी स्वतः मागवतो. ऑनलाइन ‘सर्व फ्रंट लोड मशीनला चालेल’ असा एक पंप दिसला, चित्र हुबेहूब. आला तो फिरवून बसवायच्या खाचांचा. माझा तीन स्क्रूंचा. विक्रेता म्हणाला, खोका उघडलाय, परत घेत नाही. ‘सर्व मशीनला चालेल’ हे वाक्य पार्टच्या बाबतीत कधी खरं असूच शकत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. काकांनी जुना पंप उलटा करून दाखवला: त्यावर मशीनच्या कंपनीचं नाव नसून पंप बनवणाऱ्या आस्कोलचं होतं, खाली त्यांचा नंबर, व्होल्ट, वॅट. त्या नंबरावरून बरोबर पंप तीन दिवसांत आला आणि वीस मिनिटांत बसला. जुन्या पंपाचं पातं बोटाने फिरवलं तर ते झटके देत, अडखळत फिरतं; आत चुंबक असतो म्हणून. ते पाहून कुणी ‘जाम झालाय’ म्हणालं तर मान डोलावू नका.

बोर्ड अजून तोच आहे, दुसऱ्याच्या मशीनमधला. कपडे थोडे ओले निघतात, चालवून घेतोय. माझा मूळ बोर्ड चांगला होता, त्यामुळे तो भंगारात गेला नसणार. कुणाच्या तरी मशीनमध्ये ‘नवा’ म्हणून बसला असेल. तुमच्याकडे अलीकडे कुणी बोर्ड बदलून गेलं असेल तर वरचं झाकण सरकवून बघा. रेझिनच्या एका कोपऱ्यात पिवळट बुडबुडा असेल तर तो माझा आहे.