लॉन काढायचे पैसे घेणाऱ्या बाई

मी मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या अंगाला असलेल्या एका जुन्या सोसायटीची खजिनदार आहे. खजिनदाराचं मुख्य काम नाही म्हणणं. त्यामुळे कमिटीत 'लँडस्केप डिझायनर' हा शब्द निघाल्यावर माझा पहिला प्रश्न फीचा होता. त्याआधीच्या कंत्राटदाराने गेटजवळ उभी भिंतबाग करून दिली होती. जोडून आलेल्या सुट्टीत तिचा पंप बंद पडला आणि कामावरचा माळी परत येईपर्यंत अख्खी भिंत पापडासारखी वाळून गेली. 'पर्यावरणपूरक' म्हणून तिचं बिल मात्र आम्ही पूर्ण भरलं होतं.

तर या डिझायनर बाई आल्या. झाडांकडे त्यांनी बघितलंही नाही. आधी मागितली ती पाण्याची बिलं आणि टँकरची व्हाउचरं. मग वॉचमनला गाठलं: पावसात पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं, किती वेळ राहतं? वॉचमनला इतक्या आदराने कुणी काही विचारलं नव्हतं; त्याने स्कूटर पार्किंगचा सगळा इतिहास सांगितला. नंतर बाईंनी माळ्याकडून हातभर खोल खड्डा खणून घेतला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून शेजारी बसल्या. पहिली बादली जिरल्यावर दुसरी ओतली, कारण म्हणे खरा वेग दुसऱ्या बादलीत कळतो. मागच्या बाजूला पाणी लवकर मुरलं, पुढे पार्किंगजवळ चिकण भरावामुळे तसंच उभं राहिलं. त्या दोन खड्ड्यांवर पुढचा सगळा नकाशा ठरला.

पहिली कुऱ्हाड लॉनवर पडली. आमचं लॉन साधारण दीडशे चौरस मीटर. उन्हाळ्यात ते हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी, म्हणजे दिवसाला सहाशे ते साडेसातशे लिटर. आणि त्यावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी! २०२४ च्या जूनमध्ये महापालिकेने दहा टक्के पाणीकपात केली तेव्हाही आमचा पाइप चालूच होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा मात्र दोन्ही विंगना घाम फुटला. बाई एवढंच म्हणाल्या, "काकू, मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तिथलं पाणी इथे गवतावर जातं." यावर कमिटीत कुणी बोललं नाही. लॉनच्या जागी आता बरीचशी जलपिंपळी आहे, जमिनीलगत पसरणारी. ती तुडवली तरी टिकते, पाणी कमी मागते. मखमलीसारखी दिसत नाही, हे खरं. पाटी काढली आणि पोरं खेळायला लागली.

मला बाई पटल्या त्या टाकीच्या मुद्द्यावर. छतावरचं पाणी साठवण्यासाठी एका विक्रेत्याचं कोटेशन आधीच आलं होतं. त्यात ठळक आकडा होता: चारशे चौरस मीटर गच्ची, वर्षाला २,२०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाणी. गणित बरोबर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पण बाईंनी तो कागद उलटा केला आणि मागे लिहून दाखवलं. दिवसभरात शंभर मिलिमीटर पडला तर गच्चीवरून चाळीस हजार लिटर येणार. टाकी वीस हजारांची. म्हणजे ती दुपारीच भरली, बाकीचं गटारात. आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर मुंबईत सहसा पाऊस नाही. बागेला रोज पाचशे लिटर धरले तर टाकी चाळीस दिवसांत रिकामी, नोव्हेंबरअखेर खडखडाट. मे महिना कुठे राहिला? "टाकी घ्या," म्हणाल्या, "पण लहान घ्या. पावसाळ्यातल्या उघडिपीला आणि जिने धुवायला वापरा. उन्हाळा टाकीवर निघणार नाही." स्वतःचं काम कमी करणारा सल्ला देणारा माणूस मी बँकेच्या नोकरीतही फारसा बघितला नाही.

पाणी जमिनीत मुरवण्याबद्दलही त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, खाडी जवळ. इथे मुरवलेलं पाणी परत गोड मिळेल असं समजू नका, पण पार्किंगमधलं तुंबणं कमी होईल, असं स्पष्ट सांगितलं. मागच्या बाजूला वीतभर खोल, लांबट वाफा केला, बांधाच्या कडेला दोन ठिकाणी खाच ठेवली आणि पेव्हर ब्लॉकचा उतार तिकडे वळवला. वाफ्यात वाळा, कर्दळ आणि अडुळसा. जोराच्या सरीनंतर तिथे तळं दिसतं आणि संध्याकाळपर्यंत जिरतं. पार्किंगमध्ये आता चप्पल भिजते, पूर्वी स्कूटरचा सायलेन्सर बुडायचा.

मग उन्हाळ्याचं पाणी आणायचं कुठून? मोरीतून. जुन्या इमारतीचा एक फायदा म्हणजे संडासाचा पाइप वेगळा आणि मोरीचा वेगळा. एका विंगचा मोरीचा पाइप त्यांनी खाली वळवला, आधी गाळाची टाकी, मग खडी-वाळू भरलेला वाफा, त्यावर कर्दळ आणि केळी. पाणी खडीच्या वरच्या थराखालूनच वाहतं, म्हणून वास नाही आणि डासही नाहीत. माझ्या रत्नागिरीच्या आजीला हे दाखवलं असतं तर ती विचारती, यात नवीन काय? न्हाणीघरामागे केळ आणि अळू कोकणात कुणाच्या घरी नव्हतं? फक्त आमच्या पाण्यात डिटर्जंट जास्त, म्हणून खडीचा हा खटाटोप, आणि या वाफ्यात अळू लावून त्याची भाजी करू नये असा बाईंचा कडक हुकूम.

झाडं निवडताना त्यांनी आमचा आंबा आणि नारळ जसेच्या तसे ठेवले, बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी केली. डुरांटाचं कुंपण गेलं, कुंती आली. तामण, कांचन, अनंत, निर्गुडी लावली. पहिलं वर्षभर सगळं इतकं किडमिडीत दिसत होतं की चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून 'याचेच एवढे पैसे?' असं विचारलं. त्याच काकू नंतर कढीपत्त्यावर औषध मारायला निघाल्या होत्या, कारण पानांवर पक्ष्याची शीट पडावी तशा अळ्या होत्या. माळ्याने थांबवलं. त्याच अळ्या पुढे हिरव्यागार झाल्या, डोक्याला हात लावला की लालसर शिंग बाहेर काढायच्या, आणि काळी फुलपाखरं होऊन उडाल्या. आता काकू कढीपत्ता तोडायच्या आधी पान उलटून बघतात.

तक्रारीही आहेत, आणि त्या कमी नाहीत. बाई वेळ पाळत नाहीत. शनिवार म्हणाल्या की पुढचा शनिवार समजायचा. ठिबकच्या नळ्या इतक्या बारीक घेतल्या की उंदरांनी पहिल्याच हिवाळ्यात कुरतडल्या. दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर आमची महिनाभर जुंपली. पालापाचोळ्याचं आच्छादन ओल धरून ठेवतं हे मान्य, पण भिंतीला टेकवून टाकल्यामुळे तळमजल्याच्या खिडक्यांतून झुरळं आली. ते आता हातभर मागे ओढलंय. आणि ज्येष्ठांसाठी बसायला सावलीत बाक हवा हे आम्ही सांगेपर्यंत नकाशात नव्हतं. पाण्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईंना गुडघ्यांचा हिशेब सुचला नाही.

फी झालेल्या खर्चाच्या दहा टक्के, तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा उलटल्यावर द्यायचा, ही अट माझी, आणि त्यांनी ती हुज्जत न घालता मान्य केली. बागेसाठी टँकर आता येत नाही. घरांसाठी मे महिन्यात अजून लागतो.

तुम्ही असं कुणाला बोलावणार असाल तर झाडांचे फोटो दाखवणाऱ्याला आधी पाण्याचं बिल दाखवा आणि तो काय विचारतो ते बघा. दुसऱ्या विंगच्या मागचं काम दिवाळीनंतरच्या सभेत येईल. माझं मत याच बाईंना. फक्त ठिबकची नळी जाड हवी, बाक नकाशात हवा, आणि उंदरांचं कलम करारात हवं.